दारातून न निघणारी टोपली

मी माझं गाव दोनदा सोडलं. पहिल्यांदा चुकून, नागपूरच्या एस.टी.त बसून. बाबांनी स्वतः वळलेल्या दोराने माझी पेटी बांधून दिली होती, आईने डोळे पुसून झाले होते, आळीतली पोरं हात हलवत गाडीमागे पळाली होती. निरोपाचं सगळं साग्रसंगीत उरकलं होतं. तिकीट काढताना कंडक्टर म्हणाला, "पुणं? पुणं त्या अंगाले राह्यलं." पुढच्या फाट्यावर उतरलो आणि पेटी डोक्यावर घेऊन चालत परत आलो. आई घरी गेली होती. बाबा अजून स्टँडवरच बसलेले, हातात चहाचा रिकामा कप. मला पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "काऊन रे, झालं शिकून?"

दुसऱ्या खेपेला कोणी रडलं नाही. बाबांनी गाडीची पाटी दोनदा वाचली, मला आत बसवलं आणि खिडकीतून म्हणाले, "तिकडं काहीही कर. वाखाले हात नको लावजो."

तुम्ही जे गावात राहिलात, त्या तुम्हाला वाख म्हणजे काय ते सांगायला नको. माझ्यासारखे जे हिंजवडी-चाकणला पांगले, त्यांची पोरं कदाचित विचारतील. बांधावरच्या घायपाताची पानं कुजवायची, झोडपायची, की आतून पांढरा धागा निघतो, तो वाख. आमची आळी त्याचे दोर आणि कासरे वळायची. दोर वळणारा माणूस उलट्या पावलांनी मागे मागे जात राहतो, त्यामुळे माझ्या लहानपणी बाबा मला नेहमी लांब जाताना दिसायचे, पण तोंड माझ्याकडे. गावाला आमचा दोर चालायचा. आमच्या हातचं पाणी चालायचं नाही.

पुण्यात शिल्पकला शिकायला आलो तेव्हा सर्वांत आधी खोली शोधण्याची कला शिकलो. "खोली आहे का?" "आहे. आपलं आडनाव?" मी सांगायचो. "अहो, आत्ताच गेली हो." इतक्या नम्रपणे नकार फक्त पुण्यात मिळतो, माणूस चार पावलं चालून गेला की मग कळतं. माझ्या वर्गातल्या वंजिरूला आडनावसुद्धा विचारायचे नाहीत. ती केनियाची, गिकुयु समाजातली. तिची खोली फोनवर रिकामी असायची आणि ती दारात पोहोचेपर्यंत भरलेली असायची. शेवटी तिला धायरीत जागा मिळाली आणि मला बिबवेवाडीत, शेखचाचांच्या वरच्या मजल्यावर. चाचांच्या घराण्याचा पिढ्यान् पिढ्या मार्केट यार्डात बारदानाचा धंदा. मी सवयीने आडनाव सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "ते तुझ्याकडेच ठेव. पाणी सकाळीच येतं, हे लक्षात ठेव."

वंजिरूच्या आईच्या गावात, केनियातल्या न्येरीकडे, बायका किओंडो विणतात. किओंडो म्हणजे घायपाताच्याच जातीच्या झाडाच्या धाग्याची गोल झोळी. पट्टा कपाळावर आणि भार पाठीवर. वंजिरू तीच वीण घेऊन शिल्पं करायची. मार्केट यार्डातल्या कांद्या-बटाट्याच्या जाळीदार पिशव्या उसवून, त्या लाल-जांभळ्या धाग्यांतून माणसाच्या उंचीचे भोपळे विणायची आणि छताला टांगायची. काहींना तळच नसायचा. काहींचे नुसते पट्टे लोंबायचे, ओझ्याशिवाय. वर्गातला एकजण म्हणाला, "क्राफ्ट छान आहे, पण स्कल्प्चर कुठंय?" ती म्हणाली, "तुझ्या डोक्यावर." तो वर बघेपर्यंत आम्ही हसून घेतलं.

एकदा तिने पुड्यातून तिच्या आईने पाठवलेला धागा काढला आणि मी वास घेतला. वाख! बाबांचा शब्द तिथेच मोडला. ती विणायला शिकवायची ती तळापासून: मधोमध उभे दोर चांदणीसारखे पसरायचे, मग दोन पदर घ्यायचे, एक पुढून, एक मागून, आणि गोल गोल फिरत घट्ट आवळायचे. तळ रुंद करायचा तोवर नवे उभे दोर भरायचे, मग थांबायचं, म्हणजे भिंत वर चढते. व्हिडिओ कॉलवर तिच्या भावाने मला विणताना पाहिलं आणि लोळून हसला. त्याच्या मते हे बायकांचं काम. "याला कुणी बायको देत नाही का?" असं त्याने विचारल्याचं वंजिरूने मला भाषांतर करून सांगितलं, जरा जास्तच आनंदाने. तिची आई मागून ओरडत होती, की तुला विद्यापीठात पाठवलं ते टोपल्या विणायला का? हे मात्र भाषांतराशिवाय कळलं. आमच्या घरचा फोन त्याच आठवड्यात येऊन गेला होता. "पुण्याले जाऊन दोरच वळले?"

हो बाबा, दोरच वळले. पण यावेळी कुणाच्या बैलासाठी नाही.

आम्हा दोघांचं पहिलं प्रदर्शन ठरलं. माझं एकच शिल्प होतं आणि त्यावरच माझं सगळं ठरणार होतं: बाबांनी प्रदर्शनापर्यंतची मुदत दिली होती, नाही जमलं तर तालुक्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. मी गावाहून वाख मागवला, चाचांकडून फाटकी बारदानं घेऊन सुतळी उसवली आणि विणायला बसलो. बसलो, तो टोपलीच्या आत बसलो. वंजिरू दर रविवारी यायची आणि म्हणायची, "आता उभे दोर भरू नकोस. बास." मी बरं म्हणायचो, आणि ती गेली की भरायचो. टोपली भिंतींपर्यंत पसरली, मग वर चढली, माझ्या गळ्यापर्यंत आली. कडा बांधून झाल्यावर मला बाहेर काढायला चाचा आणि वंजिरूने दोन्ही हात धरून ओढलं. तरी शहाणपण बघा: ही सैल पडू नये म्हणून मी तिला आतून-बाहेरून सरस लावून वाळवली. नुसता वाख असता तर घडी घालून नेता आली असती. आता ती लाकडासारखी टणक झाली होती.

टेम्पो दारात आला तेव्हा मी पहिल्यांदा दाराकडे पाहिलं.

आडवी केली, तिरकी केली, खिडकी मोजली. टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, आत नेली कशी?" चाचा म्हणाले, "आत नेली नाही. आतच जन्मली." गॅलरीचा तरुण संयोजक आला, टोपलीभोवती फिरला, आणि म्हणाला, "सिंपल आहे. मधून कट करू, तिकडे जॉइन करू. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल," वंजिरू म्हणाली.

मी म्हणालो, "भिंत पाडतो."

"भिंत माझी आहे," चाचा म्हणाले. "तुझी अक्कल पाड."

संयोजकाने घड्याळ पाहिलं. म्हणाला, कट नाही तर शो नाही. मला बाबांची मुदत आठवली, तालुक्याची शाळा आठवली, आणि हातात कात्रीही होती. खरं सांगतो, एक पदर धरलासुद्धा. पण गावचा वाख, यार्डाची सुतळी आणि न्येरीकडची वीण अशी आवळून बसली होती, की कुठून कापलं तरी कुणाचं तरी कापलं जाणार होतं. मग मला एकदम राग आला. आयुष्यभर आम्ही तिघंही लोकांच्या दारात मावेल एवढेच होत आलो होतो. अंग चोरून, नाव गिळून, आवाज खाली ठेवून. टोपलीनेही तेच करायचं?

"शिल्प इथंच राहील," मी म्हणालो. "बघायचं असेल त्याने जिना चढावा."

गॅलरीत वंजिरूचे भोपळे लागले आणि माझ्या जागी तिने जमिनीवर खडूने टोपलीएवढं वर्तुळ काढून आत बिबवेवाडीचा पत्ता लिहिला. संयोजकाने पुसलं, तिने पुन्हा काढलं. लोक खरंच आले. चाचा जिन्यात उभे राहून ओरडायचे, "चपला खाली. बघून झालं की उतरा, हे लग्न नाही." ज्या गृहस्थांनी मला एकदा "आत्ताच गेली हो" म्हटलं होतं, तेही आले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी त्यांना टोपलीत उतरवलं आणि बाहेर काढायची अजिबात घाई केली नाही.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं.

"मंग आता ते खोली कशी सोडशीन?"

"नाही सोडणार, बाबा."

"बरं," ते म्हणाले. "मायले सांगतो मी."

चाचांनी भाडं वाढवलं नाही. म्हणाले, टोपलीचं वेगळं लावीन. मी तिच्यातच झोपतो आता, पलंगाला जागाच उरली नाही. गावी येईन, पोळ्याला येईन, आठ दिवस राहीन. पण घर कुठलं असं कुणी विचारलं, तर बिबवेवाडी सांगतो, आडनावासकट, मोठ्याने. मला इथून काढायचं असेल तर भिंत पाडावी लागेल.