एक म्हणजे किती?

दादाला आयतं काही चालत नाही. आयतं मखर नाही, आयता चिवडा नाही, मग आयती वेबसाइट कशी चालणार? "दुसऱ्याने आत काय लिहून ठेवलंय ते आपल्याला दिसत नाही, रेवती," म्हणायचा. मी म्हणायचे, बघून करायचंय काय? चालतंय ना, मग झालं! मी त्याची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. असं बोलायचा मला हक्क आहे आणि मी तो पुरेपूर वापरते.

दादा म्हणजे नंदकुमार. पार्ल्यातच वाढला, पार्ल्यातच शिकला आणि अंधेरीच्या एका कंपनीत उभं आयुष्य प्रोग्रॅम लिहीत बसला. दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्याचं अख्खं डिपार्टमेंटच बंद केलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला पुन्हा कोण घेतंय? तेव्हापासून घर वहिनीच्या मोदकांवर आणि पुरणपोळ्यांवर चालतं. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीच बोलत नाही.

मृणालिनीवहिनीच्या उकडीच्या मोदकांना गणपतीत एवढी मागणी, की तिला फोन खाली ठेवायला मिळत नाही. म्हणून दादा म्हणाला, मी तुला वेबसाइट करून देतो, लोक तिथेच ऑर्डर टाकतील. कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा उजळला होता. गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसला आणि एकेक ओळ हाताने लिहायला लागला. बटण कुठे, रंग कुठला, चूक झाली तर काय दाखवायचं, सगळं स्वतः. मे गेला, जून गेला. मध्येच उठून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा.

"मृणाल, एक म्हणजे किती गं?"

"एक म्हणजे एक! डोक्याला ताप देऊ नकोस, माझी उकड गार होतेय."

चार दिवसांनी पुन्हा तेच. एक म्हणजे किती? मलासुद्धा वाटायला लागलं, घरी बसून बसून याचं काहीतरी बिनसलंय.

शेवटी श्रावणात वहिनीचा धीर सुटला. तिच्या भिशीतल्या अनुपमाने सांगितलं, अगं, ब्राउझर उघडायचा, एक तयार साचा निवडायचा, फोटो ओढून आणायचे, झाली वेबसाइट. तीही फुकट. वहिनीने एका दुपारी करून टाकली. साचा केकच्या दुकानाचा होता. कोपऱ्यात दोन फुगे राहिले ते काही केल्या जाईनात आणि खाली त्या कंपनीची जाहिरातही यायची. पण मोदकांचे फोटो काय झकास दिसत होते! वहिनी नाचायचीच बाकी होती. मला फोन, माहेरी फोन. दादाने फोन हातात घेऊन सगळं खालीवर करून पाहिलं. "छान झालीये," म्हणाला आणि गॅलरीत जाऊन लॅपटॉप मिटला. मला फार वाईट वाटलं त्याचं. पण आनंद वहिनीचा होता, बोलणार काय?

ऑर्डरी धबाधबा आल्या. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, जिथे आमचं कोणी ओळखीचं नाही तिथूनही.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी मी नारळ खोवायला गेले. दोघींचाही उपास. वहिनी फोनवर ऑर्डरी वाचत होती आणि मी मनात नारळ मोजत होते.

"प्रधानकाकू, एक. रुचिरा, मरोळ, एक. गार्गी, घाटकोपर, एकवीस." वहिनी थांबली. "एकवीस? मंडळाचा गणपती आहे की काय हिच्याकडे?"

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. आमच्याकडे फोनवर लोक म्हणतात, "उद्या एक द्या हं." एक म्हणजे एक नैवेद्य, एकवीस मोदकांचा. इतकी वर्षं असंच चाललंय, सांगावं लागत नाही. पण वेबसाइटवर वर लिहिलं होतं 'मोदक' आणि खाली नुसता चौकोन, किती हवेत? भाव नाही, पैसे डबा नेताना द्यायचे. केक एक म्हणजे एकच असतो, त्या साच्याला काय माहीत नैवेद्य! जुन्या लोकांनी सवयीने एक लिहिलं होतं. नव्या लोकांनी मोदक मोजून एकवीस लिहिलं होतं. आणि ज्या नव्या लोकांनी एक लिहिलं होतं, त्यांचं काय?

"वाट लागली," वहिनी खाली बसली. "अगं, पाहुणे पानावर बसलेत, आरती झालीये आणि डब्यात एक मोदक! कोणाच्या गणपतीला नैवेद्य कमी पडला तर मी तोंड कुठे दाखवू?"

"फोन कर ना सगळ्यांना."

"नंबर कुठेत? त्या साच्यात नाव, गाव आणि ईमेल, एवढंच होतं."

ओळखीच्यांना फोन लावले. बाकीच्यांना दादाने गॅलरीत बसून एकेकाला मेल लिहिली. पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी मेल कोण बघतं? गार्गीचं उत्तर आलं, एकवीसच मोदक. मग आणखी काही आली. दर वेळी फोन वाजला की वहिनी पदराला हात पुसत धावायची. दुपार कलली तरी काही जण गप्पच.

मग ती दादासमोर जाऊन उभी राहिली. "तू मला हेच विचारत होतास ना? एक म्हणजे किती?"

दादाने मान डोलावली.

"मग माझी वेबसाइट पाहिलीस तेव्हा तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"दिसलं? आणि गप्प बसलास?" वहिनीचा आवाज चढला. "महिनाभर?"

दादा लॅपटॉपकडेच बघत होता. "तू इतकी खूश होतीस गं. आणि माझी स्वतःची अजून धड झाली नव्हती. नोकरी गेलेला माणूस बायकोच्या कामात खोट काढतो, असं वाटलं असतं तुला. रोज म्हणत होतो, आज सांगतो, आज सांगतो."

मला रागही आला आणि रडूही. काय माणसं आहेत ही! वहिनी आत गेली. आतून म्हणाली, "ज्यांचं उत्तर नाही, त्या सगळ्यांना एकवीस. उरले तर उरले. कमी पडता कामा नयेत."

चतुर्थीला पहाटेपासून आम्ही तिघंही कळ्या पाडत होतो. हो, दादासुद्धा. त्याचे मोदक जरा कललेले, पण चालले. बेल वाजली की आम्ही एकमेकांकडे बघायचो. मरोळची रुचिरा आली, डबा उघडून बघितला, "एकवीस आहेत ना, बास!" म्हणाली आणि आमच्या जिवात जीव आला. असे एकेक डबे गेले. दुपार झाली. एकच डबा उरला. नाव लवू, खारदांडा, ऑर्डर एक. त्याचंही उत्तर नव्हतं.

ते आले तेव्हा आमचं जेवण व्हायचं होतं. म्हातारे गृहस्थ, पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलचा छोटा डबा. वहिनीने एकवीस मोदकांचा डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडलं आणि घाबरून मागे सरले.

"ह्ये कोणाचे? माका एकच होयो होतो."

"एक म्हणजे... एकच मोदक?"

"एकच. गणपती गावाक, भावाकडे. हय मी एकटोच. बायको गेली औंदा, तिच्या फोटोफुडे ठेवचो हा. तिका आवडायचो." ते ओशाळले. "शेजारच्या चेडवान फोनार भरल्यान. काय चुकला काय?"

"नाही हो," दादा चटकन म्हणाला. "तुमचं काही चुकलं नाही, त्या मुलीचंही नाही."

वहिनीने चांगलासा मोदक निवडून त्यांच्या डब्यात ठेवला, वर तूप सोडलं. आणखी घ्या म्हणाली तर ऐकेनात. ते जिना उतरेपर्यंत ती दारातच उभी होती.

मग आत येऊन दादाच्या शेजारी बसली. "नंदू, तुझी वेबसाइट लाव."

"अडलीये. एक म्हणजे किती, ते तू अजून सांगितलं नाहीस."

"मला नाही माहीत," वहिनी म्हणाली. "प्रत्येकाला विचार. आणि पुढच्या वेळी मला सांग. मी खूश असले तरी सांग."

दादाने हो म्हटलं. मग मी तिघांची पानं घेतली.