पाच मिनिटांचे वकीलसाहेब

आमच्या समोरचे वकीलसाहेब ज्या समारंभाला आले नाहीत, तो समारंभ झालाच नाही असं नागपुरात त्या काळी मानलं जाई. आणि ज्या समारंभांना ते आले, त्यांतला एकही त्यांनी पूर्ण पाहिला नव्हता. वकिलाला जाहिरात करायची मनाई, तेव्हा त्यानं निदान दिसत तरी राहावं, हा त्यांचा सिद्धान्त. "वकील चार दिवस दिसला नाही ना गा, तर लोक त्याले मेला समजतेत आन् दुसरा पाहतेत," असं ते बंद पडलेली स्कूटर तिरकी करता करता मला समजावत. मी तेव्हा नुकताच त्यांच्याकडे कारकून म्हणून चिकटलो होतो आणि मागच्या सीटवर बसायला मला कारण लागत नसे.

अडचण एकच, वेळेची. कोर्ट सुटे साडेपाचला आणि सातच्या ठोक्याला त्यांना घरी पोचावं लागे. तेवढ्या दीड तासात ते सीताबर्डीपासून महालापर्यंत एक बारसं, एक गोरज मुहूर्ताचं लग्न, एक सत्कार आणि एखादी शोकसभा उरकत. लग्नात नेमके अक्षता पडताना पोचत, फोटोवाल्याचा दिवा चमकला की निघत. गावातल्या निम्म्या अल्बमांत ते नवरीच्या मामाशेजारी उभे आहेत आणि हे कोण, यावर त्या घरांत अजून वाद होतात. व्याख्यानाला ते उशिराच जात आणि थेट पहिल्या रांगेपर्यंत चालत जाऊन वक्त्याला नमस्कार करत. वक्त्याला भाषण थांबवून हात जोडावे लागत; सभागृहाला कळे, वकीलसाहेब आले. पाच मिनिटांनी जाताना पुन्हा तेच. मधलं भाषण कधी ऐकता, असं मी एकदा विचारलं. मधे कोणाचं लक्ष असते, असं म्हणून त्यांनी स्कूटरला लाथ मारली.

एकदा मात्र फजिती झाली. एकाच इमारतीत खाली शोकसभा होती आणि वर एका हेडमास्तरांचा निवृत्तीनिमित्त सत्कार. साहेब घाईत आधी वर चढले, हार घातलेला फोटो न शोधताच माईकपाशी गेले आणि गहिवरून म्हणाले, "सर गेले, पण त्यांनी घडवलेली पोरं मागं आहेत." शाल पांघरलेले सर मागेच बसले होते. मी डोळे मिटून घेतले. सरांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सावनेरच्या शेतीच्या वादाचे कागद घेऊन साहेबांच्या दारात हजर. इतकं मनापासून कोणी बोललं नाही, म्हणाले.

सात वाजताची घाई कशासाठी, हे मला बरंच उशिरा कळलं. साहेबांच्या पत्नीची, म्हणजे वहिनींची, नजर साखरेच्या आजारानं गेली होती आणि त्यांच्या सोबतीची बाई सातला निघून जाई. एका संध्याकाळी मी फाइल द्यायला गेलो, तर साहेब त्यांच्यासमोर बसून त्या दिवशीचं लग्न सांगत होते: मानपान, व्याह्यांचा रुसवा, जिलबीचा दुसरा फेरा. वहिनी हसून हसून बेजार झाल्या होत्या. त्या लग्नात आम्ही चार मिनिटं होतो.

साहेब चहा ठेवायला आत गेले, तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "एवढं सगळं यायनं पाहिलं नसते, मले समजते ना गा. पण तू सांगू नको. रोज येताना काहीतरी जुळवून आणतेत."

पुढे वहिनी गेल्या. साहेबांकडे वेळच वेळ आला. आता ते लग्नाला सगळ्यांच्या आधी येत आणि शेवटपर्यंत बसत. रोज तासन् तास दिसणाऱ्या वकिलाकडे काम नसणार, असं लोकांनी ठरवलं आणि पक्षकार दुसरीकडे वळले. साहेबांनी ते मनावर घेतलेलं दिसलं नाही.

माझ्या चुलतभावाच्या लग्नात मांडव रिकामा झाला, खुर्च्या आवरायला लागले, तरी ते कोपऱ्यात बसून होते. मी म्हटलं, साहेब, सोडतो घरी. ते म्हणाले, "बस ना थोडा वेळ. घरी जाऊन आता कोणाले सांगू?"

त्या पंगतीत मीच वाढप केलं होतं. तरी मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि जेवायला काय काय होतं, ते विचारलं.