समोरासमोर

लिस्बनला उतरलो त्या संध्याकाळी मी आणि हे नदीकाठी पाय दुखेपर्यंत हिंडलो. मग चढावरच्या एका लहानशा खाणावळीत शिरलो. मांस-मासे नकोत, असं आमच्या मुलाने तिथल्या भाषेत चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ते दाखवलं. भाजीचं सूप आणि जाड सालीचा पाव आला, दोघांचा एकदमच.

मी हात न लावता बसून राहिले. घरी यांचं जेवण होईपर्यंत मी बसत नाही. आधी चुलीपाशी, पुढे गॅसपाशी, यांच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापायच्या आणि गरम गरम वाढायच्या, हा पन्नास वर्षांचा नेम. इथे वाढायला काही नव्हतं, म्हणून यांच्याकडे बघत बसले.

हे पाव सुपात बुडवून उजव्याच बाजूने चावत होते.

"अहो, डावीकडच्या दाढा कुठे गेल्या?"

"पडल्या. झाली की सात-आठ वर्षं."

"म्हणून भाकरी आमटीत कुस्करता? आणि मी हसते, लहान पोरासारखा काला करता म्हणून."

"हस की. भाकरी चांगली असते तुझी."

नवऱ्याला गरम वाढलं की बाईचं काम झालं, असं मला शिकवलेलं. ते मी चोख केलं. पण वाढताना मला ताट दिसायचं, जेवणारा माणूस दिसला नाही.

"अगं, गार होतंय तुझं."

मी पावाचा मऊ गर यांच्या ताटलीत ठेवला आणि साल मला घेतली. माझे दात अजून शाबूत आहेत. मग आम्ही एकदम जेवलो.