आखून खोडलेलं नाव

“स्वल्प बस की गं. पोरं कुठं पळून जातेत?” असं म्हणत अक्का माझ्या हातातला खडू काढून घ्यायच्या आणि पाण्याचा पेला पुढे करायच्या.

चामराजपेटेतल्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी विज्ञान. त्यांचं घराणं बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्यांचं, बोलण्यात ‘थोडं’ला ‘स्वल्प’, ‘बरं’ला ‘सरी’ असं कानडी मिसळलेलं; मी पुण्याहून आलेली. मी टेन्शन म्हटलं की त्या म्हणत, “टेन्शन नव्हे ते, भूक. डबा उघड.” बहुतेकदा ते खरंच निघायचं, म्हणून मी जास्तच चिडायची.

त्या वर्षी मी वैतागले होते. तपासायच्या वह्या घरी, पालकांचे मेसेज जेवताना, झोप उडालेली. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. दुपारचा एक ऑफ तास तेवढा हक्काचा. कुणी शिक्षक गैरहजर असलं की त्यांच्या वर्गावर जाण्यात असे तास जातात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कुणी कुणाच्या वर्गावर जायचं ते हेडबाई ठरवायच्या, पण नावांची ती बदलीची वही अक्कांकडे असायची, आणि माझं नाव त्यात कधी येतच नव्हतं.

“नशीब तुझं. फोन इथं ठेव, अंगणातल्या झाडाखाली डोळे मिट. सरी, जा आता.”

आधी मी झाडाभोवती नुसत्या फेऱ्या मारायची. पुढे बसायला लागले. एकदा चक्क डुलकी लागली. राजीनामा पर्समध्येच चुरगळला.

मग अक्कांचा आवाज बसला. आधी मिरीचा काढा झाला, नंतर डॉक्टर. शिकवणं बंद, म्हणाले. शेवटच्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘आता मी बसते.’ आम्ही हसलो.

वही माझ्याकडे आली. मागची पानं चाळली, तर जागोजागी माझं नाव पट्टीने आखून खोडलेलं, वर त्यांचं. मला रडू आलं, रागही आला. सगळ्यांना झाडाखाली धाडणाऱ्या या बाईला कुणी धाडलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

काल नव्या बाईंचं नाव आठवड्यात तिसऱ्यांदा आलं. तोंड उतरलेलं होतं त्यांचं. मी नाव खोडलं. वर माझं लिहायला पेन टेकवलं, पण हात पुढे सरकेना. तशीच उठले आणि वही हेडबाईंपुढे ठेवली.

“हा तास आमच्यापैकी कुणी घेणार नाही,” मी म्हटलं.

त्यांनी वही मागे चाळली. बराच वेळ चाळली. मग उठल्या आणि म्हणाल्या, “खडू कुठाय?”