निळ्या गाडीची करकर

माघातला रविवार, सकाळचे दहा. प्रश्न अठरा हजार चारशे रुपयांचा. हजर आम्ही तिघे: मी, माझी पत्नी वृंदा आणि उद्यमनगरातल्या गॅरेजचे मालक सन्मतीशेठ, ज्यांच्याकडे गाडीचे सुटे भाग मागितल्यावर मिळतात आणि सल्ला न मागता. समोर माझी निळी गाडी जॅकवर चढलेली, पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली. कोवळं ऊन ब्रेकच्या उघड्या तबकडीवर पडलं होतं आणि ती नको तितकी चमकत होती.

गाडी दोन माणसांची, बुटकी, जुनी स्पोर्ट्स कार. मी एका फाउंड्रीत कॉस्टिंग बघतो. किलोमागे किती पैसे वाचले हे सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मुलीचं शिक्षण संपलं, घराचे हप्ते फिटले, आणि पुण्याच्या एका गृहस्थाकडून मी ही घेतली. एवढी एकच खरेदी मी हिशेब न मांडता केली असेल. घरात कुणी विरोध केला नाही. माझे वडील, आबा, तिच्याविषयी चांगलं-वाईट एक शब्दही बोलले नाहीत. नेसरीकडचं घर बंद करून ते आमच्याकडे राहायला आले त्याला चार वर्षं झाली. गुडघ्यांमुळे त्यांना त्या बुटक्या गाडीत वाकून बसणं शक्य नव्हतं. मी निघालो की ते व्हरांड्यातल्या खुर्चीवरून बघत, आणि मी परतलो की पुन्हा बघत.

दिवाळीनंतर जुने ब्रेक पॅड झिजले. सन्मतीशेठनी शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसले पॅड पुढे केले.

"पावणं, हे घाला. गाडी जाग्यावर हुबी."

"गार असताना पकडतात का?"

"गार कशाला चालवताय? तापवा की!"

गाडी तापवायची कुठे, हे मात्र ते सांगेनात. माझा रस्ता घरापासून फाउंड्रीपर्यंतचा. मध्ये म्हशी, शाळेच्या रिक्षा आणि गळीत हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या. एवढ्या प्रवासात चहाही धड तापत नाही. तरी मी ते पॅड घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गल्लीला माझ्या येण्याजाण्याच्या वेळा पाठ झाल्या. कोपऱ्यावर ब्रेक दाबला की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी करकर उठे, कुत्री उठून बाजूला होत, आणि आबा खुर्चीत किंचित पुढे वाकत.

पौष सरता सरता करकर कमी झाली. सवयीने पॅड बसले असतील, असं मी समजलो. माघ लागल्या लागल्या वृंदाला घेऊन पेठ वडगावला लग्नाला निघालो. धुकं अजून शेतांत रेंगाळत होतं, गुऱ्हाळाच्या चुलवणाचा गोड, करपट धूर रस्त्यावर उतरला होता, आणि त्या पांढुरक्या, ओलसर उजेडात अचानक उसाची एक ट्रॉली उभी दिसली, मागे दिवा नाही, चिंधीही नाही. मी ब्रेक दाबला. गाडी मंदावली, पण थांबेना. मेणावरून सरकल्यासारखी पुढे जात राहिली. शेवटी चाक कडेच्या मातीत घातलं तेव्हा उसाच्या शेंड्याचं एक वाढं काचेवर टेकलं होतं. मग वृंदा म्हणाली, "कुठंतरी भजी तळतायत." आजूबाजूला उसाशिवाय काही नव्हतं. नंतर ती म्हणाली, "अहो, ही थांबायला लागेपर्यंत मी हिच्यात बसणार न्हाय." लग्नाला ती तिथून वडापच्या जीपने गेली.

त्यानंतरचे दिवस वैतागाचे गेले. पॅड निवडणं म्हणजे आकड्यांचं काम, आणि ते आपलं, अशी माझी समजूत होती. पण आकडा कुणी देईचना. एक जण म्हणे धातूचे घे, दुसरा म्हणे धातूचे तबकडी खातात. गडहिंग्लजचा मेव्हणा म्हणे मुळात गाडीच बदला आणि बोलेरो घ्या. पुड्यावर तापमानाचे भलेमोठे आकडे छापलेले असत, पण सकाळी सातला, गार चाकाने, ट्रॉलीच्या मागे किती अंतरात थांबेन, एवढा साधा प्रश्न त्यांत कुठेही नव्हता. आवाज कमी, पकडही कमी, यावरून मी एक सिद्धांत तयार केला: पॅडचा पृष्ठभाग जळून काचेसारखा गुळगुळीत झाला असणार. तो मी सन्मतीशेठना ऐकवला, जरा आवाज चढवूनच. माझ्या बायकोचा जीव गेला असता, हेही ऐकवलं. रविवारी गाडी आणा, एवढंच ते म्हणाले.

आणि आता, त्या रविवारी, त्यांनी तबकडीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"पावणं, ब्रेकात वडं तळताय व्हय?"

मी वास घेतला. शेंगतेल. घाण्यावरचं, ताजं.

वृंदाने कपाळाला हात लावला. "मामांनी माझ्याकडनं जुनं धोतर मागून घेतलं होतं. फडकं करायला." मामा म्हणजे तिचे सासरे, माझे आबा. तिने तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मामा, गाडीच्या चाकाला काय लावलंय काय तुम्ही?"

"तेल घातलंय की," पलीकडून आबा मोठ्याने म्हणाले. "काठीला फडकं बांधून. चार-पाच सकाळी घातलं. करकरत हुतं कवाधरनं, ह्याला ऐकू येत न्हाय काय? कोरडं चाक वरडतंयच. कमी आली का न्हाय करकर?"

माझ्या तोंडात आलेलं वाक्य तिखट होतं. ब्रेकला तेल! पण आबांच्या आवाजात एक खूश अधीरता होती, आणि ते उत्तराची वाट बघत होते. उसाची बैलगाडी कारखान्याला नेताना पहाटे कण्याला वंगण घालणारे आबा मला आठवले. बैल जुंपण्याआधी आसाशी वाकलेले, गुडघे शाबूत असलेले. करकरणारं चाक घेऊन घराबाहेर पडणारा माणूस त्यांच्या लेखी निष्काळजी. बसता येत नाही अशा त्या गाडीला हात लावायला त्यांना एवढी एकच जागा सापडली होती. चाक फिरावं म्हणून तेल आणि थांबावं म्हणून पॅड. यातला फरक मला त्यांना कधीही सांगता आला असता. मी सांगितला नव्हता, कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

"आली, आबा. कमी आली."

"मग!"

"पण आता तेल घालू नका. तेलानं ब्रेक सटकतोय."

"आणि परत वरडल्यावर?" आबांनी विचारलं.

"वरडणार न्हाय असं बघतो."

सन्मतीशेठनी तीन पुडे मांडले होते. मी पहिल्यांदाच तापमानाचा आकडा वाचला नाही. गार असताना पकडणारा आणि आवाज न करणारा कुठला, एवढंच विचारलं. त्यांनी सगळ्यात महागाच्या सिरॅमिक पॅडवर बोट ठेवलं. त्यांच्यावर चढवलेला आवाज मी तिथेच मागे घेतला, तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पावणं, तबकडी पुसायला साबण जास्त लागंल तेवढाच."

दुपारी फुलेवाडीच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी पुन्हापुन्हा पळवून, थांबवून नवे पॅड तबकडीवर नीट बसवून घेतले. मग गॅरेजवर परतलो तेव्हा वृंदा शेजारी येऊन बसली आणि तिने पट्टा लावला. व्हरांड्यासमोर ब्रेक दाबला तेव्हा काहीच ऐकू आलं नाही. आबा खुर्चीत पुढे वाकले, थोडं थांबले, आणि मागे टेकले.

"बघ. मुरलं तेल."

अजूनही सकाळी निघण्याआधी मी चाकाच्या आऱ्यांमधून बोट घालून तबकडी चाचपतो. आजवर कोरडी लागली आहे. मी वाकलेला असताना आबा व्हरांड्यातून बघत असतात, आणि मी काय बघतोय हे त्यांना कळतं की नाही, ते मला कळत नाही.

दिले ते असे: सन्मतीशेठना पॅडचे अठरा हजार चारशे आणि मजुरीचे सहाशे. आबांना शेंगतेलाच्या बाटलीचे दीडशे, त्यांनी मागितले म्हणून.