बेसमेंटमध्ये लागलेला फोन

आधीच सांगतो, या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसता वाचक आहे, आणि तोही खवचट. तुमचे घाटातले प्रवासी, बंद खोलीतल्या पावलांचे आवाज... सगळं वाचायचो, बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं हसायचो. मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर. वायर असेल तर करंट, नसेल तर नाही, एवढंच माझं अध्यात्म. त्यामुळे हे लिहिताना हात जड झालाय. भीती वाटतेय म्हणून नाही. लाज वाटतेय म्हणून. खरी नावं देत नाही, इथली सगळी बदललेली आहेत, समजून घ्या.

जागा नीट सांगतो, कारण कमेंटमध्ये पहिला प्रश्न तोच येणार. मुलुंड पश्चिम, डोंगराच्या अंगाला असलेलं चार विंगचं कॉम्प्लेक्स. मोठं गेट, पोडियमवर बाग, पोडियमच्या खाली पार्किंग. पार्किंगच्या टोकाला, पंपरूमला लागून सोसायटीचं ऑफिस. तीन बाजूंना काँक्रीट. या ऑफिसात मोबाईलला रेंज कधीच नव्हती. वायफाय आजही नाही. हे लक्षात ठेवा.

आमच्या सी विंगच्या गच्चीवर एका कंपनीचा टॉवर होता. त्याच्या जोरावर अख्ख्या कॉम्प्लेक्सला रेंज मिळायची. नाहीतर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला नवे टॉवर, मध्ये आम्ही विहिरीत. मी नवीन सेक्रेटरी झालो होतो. काहीतरी करून दाखवायची खुमखुमी होती. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर रेडिएशनचे फॉरवर्ड सुरू झाले... कोणाचं डोकं दुखतं, कोणाला झोप लागत नाही, सगळं त्या टॉवरमुळे. यातलं किती खरं असेल याची मला शंका होती. मी धंद्यातला माणूस, चार ठिकाणी विचारून, वाचून सांगू शकलो असतो. पण लोक माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते हो. मी ‘टॉवर हटाव’चा पुढारी झालो.

ठरलं असं, की कागद घेऊन दारोदार जायचं, सह्या घ्यायच्या. एकाही घराचा लेखी विरोध नसेल तरच कंपनीला पत्र द्यायचं. ही अट मीच मीटिंगमध्ये मोठ्या ऐटीत घातली होती. आता अशा कागदाचा एक रिवाज प्रत्येक सोसायटीत असतो. दोन वेळा जाऊन दार उघडलं नाही, तर त्या फ्लॅटपुढे ‘घर बंद’ असा शेरा मारायचा. तो फ्लॅट ना बाजूने, ना विरोधात.

आमच्याच विंगमध्ये पहिल्या मजल्यावर कांबळी काकू राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, मूळच्या मालवणकडच्या. काका गिरणीत होते. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. आम्ही जुन्या चाळीपासूनचे शेजारी, त्यामुळे त्यांच्या घराची दुसरी चावी आमच्याकडे असायची. आईच्या वेळेपासून ती आमच्या फ्रीजवरच्या डब्यात आहे.

मी कागद पुढे केला. काकूंनी चष्मा लावून सगळा वाचला.

"माझी ना आसा, संजय. लिव तसा."

"अहो काकू, रेडिएशन असतं त्यात. तुमच्याच तब्येतीसाठी चाललंय."

"माझ्या तब्येतीक काय होणा नाय. रोज सकाळी मी बहिणीक मिस कॉल देतंय, ती माका उलट देता. तेवढाच कळता, दोघी अजून आसंव म्हणान. टॉवर गेलो तर माझो फोन लागतलो काय, सांग."

मी म्हटलं, लागेल, दुसऱ्या टॉवरवरून लागेल. लागणार नाही हे मला माहीत होतं. त्यांनी सही केली नाही. ‘विरोध’ असं लिहिण्यासाठी पेन मागितलं, तर मी म्हणालो, राहू दे काकू, मी लिहितो. जिना चढताना मधल्या लँडिंगवर थांबलो, कागद भिंतीला टेकवला आणि त्यांच्या फ्लॅटपुढे लिहिलं — घर बंद.

टॉवर निघाला. पेढे वाटले. आठवड्याभरात सगळ्यांची वाट लागली. घरांत वायफाय असलेल्यांनी त्यावरून भागवलं. काकूंकडे बटणाचा फोन. त्या रोज सकाळी काठी टेकत, जिना उतरून गेटबाहेर इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी जायला लागल्या, कारण तिथे दोन काड्या यायच्या. मी ऑफिसला निघताना बाईकवरून त्यांना बघायचो. हात करायचो. त्या पण करायच्या.

असे तीनेक महिने गेले. मग तो शनिवार.

सकाळचे साडेअकरा. मी आणि आमचे चेअरमन मेहता अंकल खाली ऑफिसात. टेबलावर माझा मोबाईल, ‘नो सर्व्हिस’ दाखवत पडलेला. आणि तो वाजला.

मेहता अंकल दचकले. "अरे, इधर नेटवर्क कबसे आया?"

स्क्रीनवर नाव — कांबळी काकू. मी उचलला. आवाज इतका स्वच्छ, की मागे त्यांच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येत होती.

"संजय, मी घरातच आसंय रे. दार उघड."

एवढंच. आणि माझे कान तापले. मला वाटलं, काकूंना कळलं! कोणीतरी तो कागद दाखवला, आणि आता बाई टोमणा मारतायत — घर बंद लिहिलंस ना, मी घरातच आहे बघ. समोर मेहता अंकल माझ्याकडे बघतायत. दुसरा काही अर्थ असू शकतो, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. चोराच्या डोक्यात काय येणार?

"नंतर बोलू काकू, मीटिंगमध्ये आहे," म्हणालो आणि फोन कट केला.

"कौन था?" अंकलनी विचारलं.

"बँकवाले. लोन चाहिए क्या पूछ रहे थे."

वर जाताना मी लिफ्ट घेतली. एरवी जिन्याने जातो. पहिल्या मजल्यावर त्यांच्या दारासमोरून जायचं नव्हतं म्हणून लिफ्ट घेतली, हे आज कबूल करतो. जेवलो, दुपारी झोपलोसुद्धा.

पावणेपाचला स्मिता, माझी बायको, भाजी घेऊन वर आली. "अहो, काकूंच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकलीय. बेल मारली, दार उघडत नाहीत. चावी घ्या बघू."

काकू पॅसेजमध्ये पडल्या होत्या, बाथरूमच्या दारापाशी. एक पाय वेडावाकडा. शुद्धीवर होत्या. ओठ कोरडे पडलेले, गाऊन ओला. मला बघून म्हणाल्या, "इलंस?" त्यात ना राग, ना काही. स्मिताने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावायला गेलो... आणि अर्थातच रेंज नव्हती. पायात चप्पल न घालता इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत पळालो. पळताना वर गच्चीकडे नजर गेली. तिथे आता नुसते लोखंडी बोल्ट राहिलेत.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सकाळी आठच्या सुमारास पडल्या — मिस कॉलची वेळ होत आली म्हणून घाईघाईने तयारी करत होत्या. म्हणजे पावणेनऊ तास. मी अकरा तीसला गेलो असतो, तर त्यातले पाच तास वाचले असते. डॉक्टर म्हणाले, इतका वेळ पडून राहिल्यामुळे पाठीला जखमा झाल्यात, किडनीवरही ताण आलाय, आता पहिल्यासारखं चालणं कठीण.

आता मुद्द्याचं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी माझा कॉल लॉग उघडला. शनिवारी काकूंचा एकही कॉल नव्हता. मला वाटलं चुकून डिलीट झाला, म्हणून कंपनीकडून स्टेटमेंट मागवलं. त्यातही नाही. काकूंचा फोन किचनच्या ओट्यावर चार्जरला लावलेला होता, पण भिंतीवरचं बटण बंद, फोन पार मेलेला. मी स्वतः चार्ज करून बघितला. शेवटचा कॉल आदल्या सकाळचा, बहिणीला. मला वेड लागलंय असं समजू नका, मेहता अंकलनी रिंग ऐकली होती. मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, "हां भाई, वो लोनवाला. वही एक बार बजा, उसके बाद कभी नहीं." त्या ऑफिसात मी नंतर सगळ्या कंपन्यांची सिमं घालून पाहिली. एक काडी येत नाही.

आणि इकडे सोसायटीच्या ग्रुपवर माझं कौतुक. ‘सेक्रेटरींनी जीव वाचवला’, ‘शेजारी असावा तर असा’. झेंडावंदनाला पोडियमवर शाल-श्रीफळ दिलं. मी घेतलं. स्मिता टाळ्या वाजवत होती. तिलाही मी आजपर्यंत काही सांगितलेलं नाही. ती हे वाचेल तेव्हा कळेल. पुढच्या महिन्यात मी तब्येतीचं कारण देऊन सेक्रेटरीपद सोडलं.

काकूंना त्यांची भाची चेंबूरला घेऊन गेली. दोन महिने मी जायचं टाळलं. शेवटी एका रविवारी गेलो. त्या खिडकीपाशी कॉटवर बसलेल्या, बाजूला वॉकर. बहिणीचे मिस कॉल आता व्यवस्थित येतात म्हणाल्या. भाची चहा ठेवायला आत गेली आणि मी पटकन विचारून टाकलं.

"काकू, त्या दिवशी तुम्ही मला फोन केला होता?"

"फोन खंयसून करतलंय रे? तो किचनात. माका जाग्यावरसून हलाक येय नव्हता. मी आपली पडल्या पडल्या तुका हाक मारी होतंय. चावी तुझ्याकडे, म्हणान."

भाची अजून आतच आहे ना, हे मी वळून बघितलं.

"आणि तू बोललंस मा," त्या म्हणाल्या. "नंतर बोलू काकू, मीटिंगमध्ये आहे. माका चक्क आयकाक इला, बाजूक उभो रवान बोलल्यासारखा. मगे मी हाक मारूची बंद केलंय. म्हटलंय, कामात आसा झील, येतलो." झील म्हणजे मुलगा.

 आतून कपबशांचा आवाज येत होता. काकूंनी माझा हात धरला आणि आवाज खाली आणला.

"कोणाक सांगाक नाय हां मी. भाचीक पण नाय. मीटिंग होती ना रे तुझी?"

मी मान हलवली. हो म्हणालो. चहा प्यायलो आणि निघालो.

फोन कसा लागला, माझे शब्द त्या पॅसेजमध्ये कसे पोचले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पण काकूंना त्या दिवशी जे सांगायला हवं होतं, ते निदान इथे सांगतो. मीटिंग अकरालाच संपली होती. फोन आला तेव्हा मी आणि मेहता अंकल समोसे खात बसलो होतो.