माझ्या पाठीमागचा भोंगा

हे लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझे आईबाबा चांदूर बाजारकडच्या संत्र्याच्या बागांत कामाला जातात, आणि मी नेमकं काय शिकतो हे त्यांना अजूनही शेजाऱ्यांना नीट सांगता येत नाही. परीक्षेतल्या निबंधापलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. चुका होतील, मागचं पुढे होईल, त्याबद्दल माफ करा. पण मला एका माणसाने लिहायला सांगितलं आहे आणि त्यांना स्वतःला हे वाचता येणार नाही. निदान तुम्ही तरी वाचावं, म्हणून लिहितो.

ज्याच्याबद्दल लिहायचं, तो आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. मी स्टॉपर, म्हणजे त्याच्या अगदी समोर, त्याच्याकडे पाठ करून उभा राहणारा. त्यामुळे डोळे मिटले की मला त्याचा चेहरा आधी आठवत नाही. पाठीमागून येणारा आवाज आठवतो. तो आवाज अमरावतीच्या आमच्या मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकापर्यंत जायचा आणि तिकडच्या गोलकीपरलाही घाबरवून परत यायचा. त्याचं खरं नाव सिद्धार्थ, पण ते फक्त हजेरीपुरतं. सगळे त्याला भोंगा म्हणत. तो माझ्याहून एक वर्ष पुढे होता, म्हणून मी भाऊ म्हणायचो.

भोंग्याने टीममधल्या कोणालाही कधी नावाने हाक मारली नाही. ज्याचं जे गाव, ते त्याचं नाव. मी ‘चांदूर’. आमचा उजवीकडून पळणारा पोरगा ‘धामणगाव’. तो जरा रेंगाळला की मागून भोंगा वाजायचा, “धामणगाव, रेल्वेचं फाटक पडलं काय बे? पय ना!” मी जागा सोडली की, “चांदूर, तिकडं काहून जाऊन राह्यला? तिथं तुही बस लागली काय?” सगळं मैदान हसायचं, आणि हसता हसता मी जागेवर यायचो. एकदा एका पंचांनी खेळ थांबवून त्याला विचारलं, “अरे, किती बोलशील?” तर हा हात जोडून म्हणाला, “सर, आमच्या घरी वावर नाही. आवाजच हाय. तेच पीक घेतो.”

पण मला सगळ्यात जास्त ऐकू यायचं ते एकच वाक्य. समोरून कोणी बॉल घेऊन सुसाट येत असला की माझी मान आपोआप मागे वळायची, गोलमध्ये भोंगा आहे ना हे बघायला. मान वळली की माणूस हातचा गेलाच म्हणून समजा. तेव्हा तो ओरडायचा, “मांगं पाहू नको! मी हावो ना!” कॉलेजात नवीन आलो तेव्हा मला वर्गात बोलता यायचं नाही, ऑफिसच्या खिडकीपुढच्या रांगेतून मी परत फिरायचो. अशा वेळी हेच वाक्य मी मनात म्हणायचो. त्याला हे कधी सांगितलं नाही.

तो अकोल्याजवळच्या बाळापूरचा. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्याने मला घरी बोलावलं होतं. स्टँडवर उतरतो न उतरतो तोच कानावर आवाज पडला, “अकोला, अकोला, अकोला! एक सीट, एकच सीट!” मला वाटलं भाऊ मजा करतोय. “भाऊ!” म्हणून वळलो, तर समोर पांढऱ्या मिशांचा माणूस. तो खो खो हसला. म्हणाला, “भाऊ नाही, बापू, भाऊचा बाप.” भोंग्याचे बाबा स्टँडवर जीपगाड्यांच्या सीटा भरायचं काम करायचे. दोघांचा आवाज इतका सारखा की घरात भिंतीपलीकडून कोण बोलतंय ते सांगता येत नव्हतं. त्याची आई मला वाढता वाढता म्हणाली, “या दोघाइले हळू बोला, हळू बोला म्हनता म्हनता माहाच आवाज मोठा झाला.”

आवाजाइतकीच त्याच्याजवळ आणखी एक गोष्ट कायम असायची. खर्ऱ्याची पुडी. आमच्याकडच्या वाचकांना खर्रा काय ते सांगायला नको. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि गालात धरायचा. आमच्या गावात दहावीतली पोरंसुद्धा धरतात, कोणाला त्यात काही वाटत नाही. सामन्याआधी बूट बांधून झाले की तो मांडीवर पुडी घोटत बसायचा आणि म्हणायचा, “खर्रा गालात असला का गोल लहान दिसते अन् बॉल मोठा.” मग थुंकून, चूळ भरून पोलजवळ जायचा. दोन्ही पोलना हात लावायचा आणि त्याचा आवाज सुरू व्हायचा.

मी कॉलेजात आलो त्या वर्षीची विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन फायनल आमच्याच मैदानावर झाली. समोर अकोल्याचं कॉलेज. त्यांच्या टीममधली अर्धी पोरं भोंग्याच्या ओळखीची. ती त्याला सामनाभर “गद्दार, घरी कोनत्या तोंडानं येशीन?” म्हणून डिवचत होती आणि हा त्यांना, “तुमचाच कप घेऊन येईन, बापाच्या जीपमंदी!” म्हणत होता. बरोबरी झाली. टायब्रेकरमध्ये आम्ही हरलो. शेवटच्या किकला तो डावीकडे झेपावला आणि बॉल उजवीकडून आत गेला. पोरं रडली. तो रडला नाही. गोलमध्येच बसून राहिला. मी जवळ जाऊन उभा राहिलो तर हळू आवाजात म्हणाला, “तुमाले सांगाले मी होतो. माह्या मांगं कोनी नव्हतं बे, चांदूर.”

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा फायनलला पोचलो, आणि समोर पुन्हा तेच अकोल्याचं कॉलेज. या वेळी सामना त्यांच्या मैदानावर. भोंग्याचं कॉलेजातलं ते शेवटचं वर्ष. आम्ही रोज सकाळी उजाडताच मैदानावर असायचो. प्रॅक्टिस झाली की सगळे राजकमल चौकाकडे नाश्त्याला जायचो. इतर जण कचोरी आणि तळलेली मिरची घ्यायचे. भोंगा आता फक्त गिला वडा घ्यायचा, तोही दह्यात कालवून, अगदी मऊ करून. धामणगाव म्हणाला, “काहून बे, दात पडले काय?” तो म्हणाला, “तिखट लागून राह्यलं.” जो मिरची नुसती चावून खायचा, त्याला तिखट लागत होतं. आम्ही त्याचीही थट्टा केली.

मग त्याचं बोलणं आखूड झालं. “चांदूर, डावीकडं सरक”चं नुसतं “डावी!” झालं. पुढे तेही तोंडातल्या तोंडात येऊ लागलं. एके दिवशी पाठीमागे काहीच नाही. मी घाबरून वळलो. तो पोलला टेकून गाल दाबून उभा होता. प्रॅक्टिस संपल्यावर आमच्या क्रीडा सरांनी त्याला समोर बसवलं. म्हणाले, “तोंड उघड. माझ्यासारखी तीन बोटं उभी घाल.” त्याचं एकच बोट आत गेलं. सरांनी त्याच्या खिशातली पुडी काढून फेकून दिली आणि त्याला दातांच्या दवाखान्यात पाठवलं.

तिथे काय झालं ते त्याने फक्त मला सांगितलं. गालात आत एक पांढरा चट्टा होता. डॉक्टर म्हणाले, तुकडा काढून तपासायला पाठवू. हा म्हणाला, नंतर. सरांना सांगितलं, औषध दिलंय. “तुकडा काढला तं टाके पडतीन. टाके पडले तं सर खेळू देनार नाहीत. येत्या रविवारी फायनल हाय. सोमवारी जातो ना बे. सोमवार काय लय दूर हाय?” खरंच दूर नव्हता. मलाही ते पटलं.

पण शनिवारी अवकाळी पाऊस झाला. काळ्या मातीचं मैदान, एकदा भिजलं की बुटाला शेर-शेर चिखल धरतो. फायनल पुढे गेली. मी म्हणालो, “भाऊ, आता तरी जाऊन ये.” तो म्हणाला, “अबे, माती दोन दिवसात सुकते.” माती सुकली तर ते मैदान निवडणुकीच्या कामासाठी घेतलं गेलं. मग परीक्षा लागली. प्रत्येक वेळी तारीख पुढे जायची आणि प्रत्येक वेळी त्याचा सोमवार तिच्या मागे जायचा. सर विचारायचे तेव्हा तो मान हलवायचा. घरी त्याने अक्कलदाढ म्हणून सांगितलं होतं. मी पुष्कळ म्हणालो. शेवटी एकदा तो माझ्यावर रागावला. तोंड पुरतं उघडत नव्हतं, तरी दातांतून म्हणाला, “गेल्या साली मी गेलो डावीकडं. ते मले एकदा निस्तरू दे. मंग कापा काय कापाचं ते.”

आवाज नव्हता म्हणून त्याने टाळ्या काढल्या. एक टाळी म्हणजे डावीकडे. दोन म्हणजे उजवीकडे. आणि मी बिथरलो की हळूहळू, एकसारख्या टाळ्या. त्यांचा अर्थ त्याने मला सांगितला नाही, मला कळला. हातमोज्यांतल्या टाळीला आवाज कुठला, नुसतं थप थप. पण मी कान इतके मागे लावायचे शिकलो की मला त्याचा श्वासही कळायचा.

अखेर उन्हाळा तोंडावर आला तेव्हा अकोल्यात फायनल झाली. त्या पोरांनी “गद्दार, आज भोंगा बंद काहून?” म्हणून खूप डिवचलं. तो नुसता हात हलवायचा. धामणगावने एक गोल केला. शेवटी शेवटी त्यांचा एक उंच पोरगा मला चुकवायला सुसाट आला आणि मी सवयीने मान वळवणार तोच मागून थप, थप, थप. मी वळलो नाही. तसाच त्या पोराच्या डाव्या पायावर धावलो. त्याला उजव्या पायाने मारावं लागलं. भोंगा उजवीकडे झेपावला. बॉल त्याच्या बोटांना लागून पोलवर आदळला आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो होतो.

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, नाचवून खाली उतरवलं. सरांनी पेढ्यांचा पुडा फोडला आणि पहिला पेढा त्याच्या तोंडाशी नेला. पेढा आत जाईना. सरांना वाटलं, लाजतोय. त्यांनी “अरे घे ना, राजा” म्हणून पुन्हा लावला. भोंग्याने तो पेढा हातात घेतला, बोटांनी कुस्करला, चिमूटभर दातांच्या फटीतून आत ढकलला आणि हसायचा प्रयत्न केला. तेव्हा सरांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून उन्हाकडे वळवला आणि आत पाहिलं. ओरडणारी पोरं एकेक करून जवळ आली. कप तिथेच बाकावर पडून होता.

सोमवारी सर त्याला स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. तिथून नागपूर. ऑपरेशन झालं. अर्धा जबडा आणि जिभेचा बराचसा भाग काढला. त्यानंतर तो फोनवर लिहून बोलायचा. लिहिण्यातही तोच असायचा. आमच्या नव्या गोलकीपरचं मी कौतुक केलं तर त्याने लिहिलं, “मुका हाय काय तो? त्याले म्हना, बोलाचे पैसे नाई लागत.”

दिवाळीनंतर मी बाळापूरला गेलो. स्टँडवर त्याचे बाबा होते. मला बघून त्यांनी नुसतं घराकडे बोट केलं आणि पुन्हा हाका मारू लागले. भोंगा खाटेवर बसला होता, तोंडाभोवती दुपट्टा. फार वाळला होता. मी खाटेच्या कडेला बसलो. दुरून स्टँडवरचा आवाज येत होता, “अकोला, अकोला, अकोला!” त्याने फोन उचलला आणि लिहून मला दाखवलं, “आयकून राह्यला? आपला भोंगा अजून चालू हाय.” त्याचे डोळे हसत होते. माझ्याच्याने हसवलं नाही.

निघताना मी दारापर्यंत आलो आणि वळून बघणार इतक्यात मागून टाळ्या आल्या. उघड्या, हाडकुळ्या हातांच्या. हळूहळू, एकसारख्या. मी वळलो नाही. तसाच स्टँडपर्यंत चालत आलो.

मागच्या महिन्यात मी सकाळी मैदानावर बूट बांधत होतो. फोन वाजला. त्याच्या नंबरवरून निरोप आला होता. लिहिलेला नव्हता, बोललेला होता. मी बटण दाबलं आणि तोच आवाज आला. तोच, खणखणीत. “चांदूर!” मी उभाच राहिलो. नवीन पोरांना ओरडून सांगणार होतो, भाऊ बोलतोय, भाऊ बोलायला लागला.

“चांदूर, तुहं नाव मले ठाव नाही, बापू. या फोनात चांदूर म्हनूनच हाय, असं माह्या पोरीनं वाचून दाखोलं. मी सिद्धार्थचा बाबा बोलून राह्यलो. सिद्धार्थ गेला. आज पहाटंच गेला. मले लिवता येत नाही. तू लिव, बापू, सगळ्या पोराइले.”